पोरं आधीच गेलेली आहेत

महाराष्ट्र शासन आणि जर्मनीतलं बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्य यांच्यात २५ फेब्रुवारी २०२४ रोजी सामंजस्य करार झाला. महाराष्ट्रानं कुशल मनुष्यबळ पुरवायचं, पहिल्या टप्प्यात दहा हजार. परिचारिका, प्रयोगशाळा सहायक, वृद्धांची शुश्रूषा करणारे, वीजतंत्री, प्लंबर, गवंडी, सुतार, बस आणि ट्रकचे चालक, हॉटेलातले आचारी अशी कामांची लांबलचक यादी जाहीर झाली. तेव्हापासून या कराराविरुद्ध एक युक्तिवाद सतत कानावर येतो. तो पुण्या-मुंबईच्या व्याख्यानांत ऐकला, तसाच सेनगावच्या चहाच्या टपरीवरही ऐकला. आपली तरणीताठी पोरं परक्या देशाला देऊन टाकायची, त्यांनी तिथल्या म्हाताऱ्यांना अंघोळ घालायची, त्यांच्या बसगाड्या चालवायच्या आणि इकडं गाव ओस पाडायचं. ही मजुरांची निर्यात आहे, हे नवं गिरमिट आहे, आणि इथं रोजगार देता येत नाही म्हणून सरकारनं काढलेली ही पळवाट आहे.

असं बोलणाऱ्यांत मला मनापासून आदर वाटतो अशी माणसं आहेत. त्यांची तळमळ खरी आहे आणि म्हणूनच त्यांना सविस्तर उत्तर द्यायला हवं. माझं म्हणणं असं की त्यांनी बोट ठेवलं, पण भलत्याच जागी. पोरं जातात यात काही वावगं नाही. जाण्यासाठी त्यांना तयार करायचा खर्च कोण करतं, आणि जाणं फसलं तर त्याचं कर्ज कुणाच्या सातबाऱ्यावर चढतं, हा या कराराचा गाभा आहे. त्यावर आक्षेप घेणारे बोलत नाहीत, त्यामुळे सरकारलाही बोलावं लागत नाही.

मी हे साखऱ्याहून लिहितो आहे. सेनगाव तालुका, हिंगोली जिल्हा. सोयाबीन, तूर, हरभरा, पाण्याची सोय असेल तिथं हळद. २०२४ साली सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि मराठवाड्याच्या बाजारात शेतकऱ्याच्या हातात चार हजारांच्या आसपास पडत होते. दसरा-दिवाळी झाली की आमच्या भागातल्या गावांतून आणि तांड्यांवरून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडेपर्यंत कारखान्याचा फड सोडता येत नाही. जानेवारी २०२४ मध्ये संप आणि वाटाघाटी होऊन तोडणीचा दर टनाला २७३ रुपयांवरून ३६६ वर गेला. दोघांनी पहाटेपासून अंधार पडेपर्यंत दोन टन तोडला तर सातशे तीस रुपये, दोघांचे मिळून, आणि त्यातूनच उचल वळती होते. लेकरं सोबत नेली तर शाळा बुडते, मागं ठेवली तर आजी-आजोबांच्या भरवशावर राहतात.

जे ऊसतोडीला जात नाहीत ते चाकण, रांजणगाव, वाळूजच्या कंपन्यांत ठेकेदाराकडं लागतात. निजामाच्या काळापासूनचा धागा धरून कुणी हैदराबादच्या बांधकामांवर जातं. यातल्या कुठल्याही प्रवासासाठी कधी करार झाला नाही, मंत्र्यांनी सही केली नाही, कामांची यादी निघाली नाही. १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा होता, पण हिंगोलीहून कोल्हापूरला जाणारा कोयता राज्याची हद्द ओलांडतच नाही, म्हणून त्याला तोही लागू झाला नाही. बीडमध्ये ऊसतोड बायकांची गर्भाशयं काढल्याचं २०१९ मध्ये उघड झालं तेव्हा चार दिवस गलका झाला आणि पुढच्या हंगामात टोळ्या पुन्हा निघाल्या.

तेव्हा गाव ओस पडेल अशी भीती दाखवणाऱ्यांना मला विचारायचं आहे की तुम्ही आमच्या भागात पौष महिन्यात कधी आलात का? पोरं आधीच गेलेली आहेत. मराठवाड्यातून माणसं जावीत की नाहीत हा प्रश्न दुष्काळांनी, बाजारभावांनी आणि जमिनीच्या वाटण्यांनी केव्हाच निकालात काढला. आता उरलेला प्रश्न एवढाच की ती कागदावर जातील की कागदाशिवाय. स्टुटगार्टच्या रुग्णालयात लागलेल्या पोरीच्या हातात नेमणुकीचं पत्र असतं, ठरलेले तास असतात, आजारपणाची रजा असते. जर्मनीत २०२५ साली तासाचं किमान वेतन १२.८२ युरो होतं आणि ते परक्या देशातून आलेल्या कामगारालाही तितकंच लागू होतं. फडावर गेलेल्या तिच्या चुलतबहिणीकडं यातलं काहीही नसतं. तरी गिरमिट हा शब्द आपल्याला पहिलीच्या बाबतीत आठवतो, हे मला समजत नाही.

आता दुसरा मुद्दा, हलक्या कामाचा. म्हाताऱ्यांची शुश्रूषा करायला आपली पोरं का पाठवायची, हा प्रश्न ज्या सुरात विचारला जातो तो सूर मला अस्वस्थ करतो. पवईच्या आयआयटीतून बाहेर पडलेला मुलगा कॅलिफोर्नियात गेला तेव्हा त्याच्या सत्काराला हीच मंडळी व्यासपीठावर होती. त्याच्या शिक्षणावर या देशानं आयटीआयच्या कुठल्याही विद्यार्थ्यापेक्षा कितीतरी पट जास्त खर्च केला होता. त्याला कुणी निर्यात म्हटलं नाही, त्याच्या गावाचं काय होईल असंही विचारलं नाही. सेनगाव तालुक्यातला वायरमन किंवा नर्सिंग झालेली मुलगी निघाली की मात्र राष्ट्राचा अभिमान दुखावतो. माणसाचं मलमूत्र काढणं, जखम धुणं, नळाचं काम करणं यांना आपण कमीपणाचं मानतो, कारण ही कामं पिढ्यानपिढ्या ज्यांच्यावर लादली त्यांना आपण कमी लेखलं. तो हिशेब जर्मनीत लागू नाही. तिथं शुश्रूषेचं तीन वर्षांचं शिक्षण असतं, परीक्षा असते, शिकताना दरमहा विद्यावेतन मिळतं आणि परवान्याशिवाय तो व्यवसाय करता येत नाही. सुताराचंही तसंच आहे. आमच्या पोरांना हलक्या कामाला पाठवू नका असं सांगणाऱ्यानं आधी आपल्या गावात त्या कामाला किती मजुरी आणि किती मान मिळतो ते सांगावं.

तिसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. शिकलेली माणसं गरीब देशांनी घडवायची आणि श्रीमंतांनी आयती घ्यायची, हा अन्याय आहे, असं त्यात म्हटलं जातं. मुंबईत जन्मलेले अर्थतज्ज्ञ जगदीश भगवती यांनी १९७० च्या दशकात यावर एक कर सुचवला होता. परदेशी गेलेल्या व्यावसायिकांच्या उत्पन्नावर तिकडे कर बसवून तो पैसा मायदेशाकडे वळवायचा. कल्पना अमलात आली नाही, पण तिचा रोख अचूक होता. माणसाला अडवू नका, ज्याला फायदा झाला त्याच्याकडून वसूल करा. आज हाच आक्षेप घेणारे पहिल्या अर्ध्या भागाकडं पाठ फिरवतात आणि अडवण्याची भाषा करतात.

परिचारिकांचं उदाहरण घेऊ, कारण तेच सगळ्यात जास्त दिलं जातं. भारतात हजार लोकांमागे जेमतेम दोन परिचारिका आहेत, हा आकडा सरकारनंच संसदेत सांगितला आहे. मग त्या बाहेर का पाठवायच्या? वरवर बिनतोड वाटतं. पण आमच्या भागातल्या मुली जीएनएम, एएनएम करून घरी बसतात किंवा नांदेड, छत्रपती संभाजीनगरच्या खासगी दवाखान्यांत तुटपुंज्या पगारावर बारा-बारा तास उभ्या राहतात, ते कशामुळे? सरकारी आरोग्यसेवेतली पदं भरलीच जात नाहीत आणि जी भरली जातात ती राष्ट्रीय आरोग्य अभियानाखाली कंत्राटावर. त्याच कंत्राटी कर्मचाऱ्यांना कायम करा म्हणून राज्यभर संप करावा लागला, एकदा २०२३ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये. हिंगोलीला आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालय झालं आहे, ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याचं उद्घाटन झालं, याचा मला आनंद आहे. त्या रुग्णालयाला परिचारिका लागतील तेव्हा त्या मिळतात की नाही हे पगारावर आणि कायम नेमणुकीवर ठरेल. एखादी मुलगी जर्मनीला गेली म्हणून तिथली खाट बेवारस राहणार नाही. पद मंजूर असून भरलं नाही म्हणून राहील.

आणि जाण्याची वाट उघडली की शिकणाऱ्यांची संख्याही वाढते, ही गोष्ट या वादात सहसा येत नाही. अमेरिकेनं २००० नंतर काही वर्षं परदेशी परिचारिकांसाठी व्हिसा वाढवले तेव्हा फिलिपिन्समध्ये काय झालं याचा अभ्यास पाओलो अबारकार आणि कॅरोलिन थिओहारिडीस या दोन अर्थतज्ज्ञांनी केला. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक परिचारिकेमागे देशात नव्यानं शिकून परवाना मिळवणाऱ्या परिचारिका कितीतरी अधिक, जवळजवळ नऊ, निघाल्या. परदेशाची आशा पाहून कॉलेजं वाढली, मुली शिकल्या आणि त्यांतल्या बहुतेक मायदेशीच राहिल्या. फिलिपिन्सची प्रत आपल्याकडे जशीच्या तशी उमटेल असं मी म्हणत नाही; आपल्याकडची अनेक नर्सिंग कॉलेजं कागदावर चालतात हे मला ठाऊक आहे. पण घागरीतून पाणी काढलं की ती रिकामीच होणार, इतकं साधं गणित माणसांच्या शिक्षणाचं नसतं.

गिरमिटाचा उल्लेख झाला, तर त्याचीही नीट आठवण ठेवू. एकोणिसाव्या शतकात मॉरिशसच्या ऊसमळ्यांवर बिहारींच्या बरोबरीनं कोकणातली मराठी माणसंही गेली. त्यांचे वंशज तिथं आजही मराठी शिकतात. त्या करारात मजुराला मालक बदलता येत नव्हता, काम सोडलं तर तुरुंग होता. गिरमिटाचं पाप नेमकं इथं होतं: माणूस मालकाला बांधलेला होता. समुद्र ओलांडण्यात पाप नव्हतं. म्हणून कुठल्याही नव्या कराराला एकच कसोटी लावावी. तिथं गेलेल्याला नोकरी बदलता येते का? संघटनेत जाता येतं का? कुटुंब नेता येतं का? राहण्याचा कायमचा हक्क कधी मिळतो? जर्मनीनं मार्च २०२० पासून कुशल स्थलांतराचा कायदा लागू केला, नोव्हेंबर २०२३ मध्ये तो आणखी सैल केला आणि जून २०२४ पासून नागरिकत्वासाठी लागणारी वर्षं आठवरून पाचवर आणली. कायदा म्हणून हे गिरमिटाच्या जवळपासही जात नाही.

जर्मनीनं हे धडे सुखासुखी घेतले नाहीत. ३० ऑक्टोबर १९६१ रोजी तिनं तुर्कस्तानशी कामगारांचा करार केला. सुरुवातीला दोन वर्षांनी माणूस परत पाठवायचा आणि नवा आणायचा असं ठरलं होतं. कारखानदारांनीच तक्रार केली की शिकवलेला माणूस परत पाठवून पुन्हा नवा शिकवणं परवडत नाही, आणि ती अट गेली. १९७३ मध्ये तेलाच्या संकटानंतर भरती थांबली, पण आलेले परतले नाहीत, त्यांची कुटुंबं आली. भाषा शिकवायची सोय नाही, मुलांच्या शाळेचा विचार नाही, पिढी उलटली तरी नागरिकत्व नाही. पन्नास वर्षं त्या समाजानं याची किंमत मोजली, आणि तुर्की कामगारांनी तर त्याहून जास्त. आजच्या करारांत भाषेच्या अटीवर इतका जोर आहे तो त्या चुकीमुळेच.

इथं मला एक आक्षेप पूर्ण मान्य करायला हवा. जर्मनीत परकीयांविरुद्धचं वातावरण तापलेलं आहे. फेब्रुवारी २०२५ च्या निवडणुकीत स्थलांतरविरोधी एएफडी पक्षाला वीस टक्क्यांहून अधिक मतं पडली आणि तो दुसऱ्या क्रमांकावर आला. आमच्या पोरांना तिथं रस्त्यावर, बसमध्ये काय सोसावं लागेल याची काळजी मलाही वाटते. पण ही काळजी बोलून दाखवताना महाराष्ट्रानं स्वतःकडे पाहावं. २००८ मध्ये रेल्वेच्या परीक्षेला मुंबईत आलेल्या उत्तर भारतीय पोरांना मारहाण झाली, ती आपल्याच राज्यात झाली. बिहारचा मुलगा ठाण्याला येणं आणि हिंगोलीचा मुलगा जर्मनीतल्या उल्मला जाणं यांत मला फरक दिसत नाही. दोघांनाही पोलिसांनी, कायद्यानं आणि शेजाऱ्यांनी माणूस म्हणून वागवावं एवढीच माझी मागणी आहे, आणि ती मी दोन्ही ठिकाणी करतो.

सगळे करार सारखे नसतात, हेही सांगितलं पाहिजे. इस्रायलशी भारतानं मे २०२३ मध्ये बेचाळीस हजार कामगारांचा करार केला. ७ ऑक्टोबरच्या हल्ल्यानंतर इस्रायलनं पॅलेस्टिनी मजुरांचे परवाने बंद केले आणि त्यांची जागा भरायला भारतात घाईनं भरती सुरू झाली. आधी हरियाणा आणि उत्तर प्रदेशात, मग सप्टेंबर २०२४ मध्ये पुण्यात. युद्ध चालू असलेल्या देशात, दुसऱ्या मजुराला हाकलून रिकाम्या केलेल्या जागेवर आपला गवंडी पाठवणं याला मी भागीदारी म्हणणार नाही. घाईत घेतलेल्या चाचण्यांतून गेलेल्या अनेकांना ते काम येत नव्हतं, त्यांना तिथं पडेल ते करावं लागलं, अशा बातम्या आल्या. पगार मोठा होता हे खरं. पण ज्या करारात तिसऱ्या माणसाचं पोट कापलं जातं त्याला पगाराच्या आकड्यानं न्याय मिळत नाही. विरोध करायचा तर असा, कराराची कलमं आणि परिस्थिती बघून.

आता ज्या मुद्द्यासाठी हा लेख लिहायला घेतला त्याकडे येतो.

डिसेंबर २०१८ मध्ये मराकेशला जगातल्या बहुसंख्य देशांनी, भारतानंही, सुरक्षित स्थलांतराचा जागतिक करारनामा स्वीकारला. त्यातलं अठरावं उद्दिष्ट कौशल्यांच्या भागीदारीबद्दल आहे. या कल्पनेला आकार दिला मायकल क्लेमेन्स या अर्थतज्ज्ञानं. त्याची मांडणी सरळ आहे. माणूस हवा असलेल्या श्रीमंत देशानं त्याला घडवण्याचा खर्च करावा, आणि तो खर्च माणसाच्या मूळ गावाजवळ करावा. कारण स्टुटगार्टमध्ये एक परिचारिका घडवायला जेवढा पैसा लागतो तेवढ्यात मराठवाड्यात कितीतरी घडतात. शिकणाऱ्यांतले काही बाहेर जातील, काही इथंच राहतील, आणि इथं राहणाऱ्यांच्या शिक्षणाचाही भार त्याच पैशातून उचलला जाईल. हिंगोलीचं रुग्णालय आणि स्टुटगार्टचं रुग्णालय एकाच वर्गातून भरलं जाईल.

आपल्या करारात काय झालं? पोरांना जर्मन शिकवायचा खर्च महाराष्ट्राच्या तिजोरीवर टाकला गेला. शालेय शिक्षण विभागानं वर्ग काढायचे, शिक्षक नेमायचे. म्हणजे सोयाबीनच्या भावानं मेटाकुटीला आलेलं राज्य युरोपातल्या सर्वांत संपन्न प्रदेशांपैकी एकाला, जिथं बॉश, मर्सिडीज आणि पोर्शे यांची मुख्यालयं आहेत, त्याला तयार माणूस पुरवणार आणि तयारीचं बिलही स्वतःच भरणार. या एका कलमावर विधानसभा दणाणून जायला हवी होती. गिरमिटाच्या आणि अस्मितेच्या चर्चेत ते कलम बिनबोभाट निसटलं. नावनोंदणी जोरात झाली. नोंदवलेल्यांच्या मानानं विमानात बसलेले फारच थोडे.

यापेक्षा चांगलं होऊ शकतं याचे दाखले दूर शोधावे लागत नाहीत. केरळ सरकारच्या नोर्का रूट्स या संस्थेनं डिसेंबर २०२१ मध्ये जर्मन केंद्रीय रोजगार संस्थेशी ट्रिपल विन नावाचा करार केला. त्यात परिचारिकेला भरतीसाठी एक पैसा द्यावा लागत नाही, खर्च जर्मन रुग्णालयं उचलतात. तीच जर्मनी, तोच व्यवसाय. केरळनं १९७७ मध्ये ओडेपेक ही परदेशी नोकऱ्यांची सरकारी संस्था काढली, १९९६ मध्ये अनिवासी केरळींसाठी स्वतंत्र खातं काढलं. वाटाघाटीला बसणाऱ्या माणसांकडे चार दशकांचा अनुभव होता. आपण शिक्षण खात्याला परराष्ट्राचं काम सांगितलं. दुसरा दाखला तर मराठवाड्यातलाच. छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाण्यात इंडो-जर्मन टूल रूम आहे. जर्मन मदतीनं आणि यंत्रांनी उभ्या राहिलेल्या त्या संस्थेनं गेल्या तीन दशकांत टूल अँड डाय मेकर घडवले, आणि वाळूजपासून चाकणपर्यंतच्या कारखान्यांना ते मिळाले. जर्मनीनं एकदा इथं येऊन खर्च केला होता, तेव्हा तिला आपल्या माणसांची गरजही नव्हती. आज गरज आहे, आणि आज आपण मागतही नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये जर्मनीनं कुशल भारतीयांसाठीचे व्हिसा वर्षाला वीस हजारांवरून नव्वद हजारांपर्यंत नेण्याचं जाहीर केलं. एवढी निकड असलेल्या गिऱ्हाईकासमोर विकणाऱ्यानं हात जोडून उभं राहायचं कारण काय?

तिजोरीनं खर्च केला तरी तो गावापर्यंत पोचला असता तर निदान काही पदरात पडलं असतं. जर्मनीत व्यवसायशिक्षणासाठी साधारण बी-१ पातळीची भाषा लागते. गोएथे इन्स्टिट्यूटच्याच अंदाजानं त्याला साडेतीनशे ते साडेसहाशे तासिका लागतात. म्हणजे पोरानं आठ-दहा महिने दुसरं काही न करता शिकायचं. हे पुण्यात शक्य आहे, सेनगावात नाही. आणि पुण्यात राहायचं तर खोली, मेस, क्लास. इथं मग एजंट येतो. फीचा एक हप्ता, कागदपत्रांचा एक हप्ता, नोकरीची हमी तोंडी. आमच्याकडच्या माणसाला ही पद्धत नवी नाही, मुकादमाच्या उचलीत तो वाढला आहे. फरक एवढाच की उचलीत पैसे आधी हातात येतात, इथं आधी जातात आणि जमीन गहाण पडते. १९८३ च्या उत्प्रवास कायद्यानं नोंदणीकृत एजंटाच्या फीला तीस हजार रुपयांची मर्यादा घातली आहे. पण परवानगीची सरकारी छाननी प्रामुख्यानं दहावी न झालेल्यांसाठी आणि आखाती देशांसह अठरा देशांसाठी आहे. जर्मनी त्या यादीत नाही, इस्रायलही नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रानं नव्या कायद्याचा मसुदा लोकांपुढे ठेवला. त्यावर हिंगोलीतून, परभणीतून, बीडमधून किती हरकती गेल्या? मनुष्यबळाच्या निर्यातीवर भाषणं करणाऱ्यांनी त्यातली एक जरी लिहिली असती तरी बरं झालं असतं.

पैसा नाही हे उत्तर मला चालणार नाही. २०२४ मध्ये राज्यानं मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना काढली. बारावी झालेल्याला महिना सहा हजार, आयटीआय किंवा पदविका झालेल्याला आठ हजार, पदवीधराला दहा हजार. पोरं ग्रामपंचायतीत, तहसीलमध्ये, शाळांत बसली, महिने संपले आणि घरी परतली, कारण पुढं नोकरी नव्हतीच. तेच आठ हजार आयटीआयच्या पोराला भाषेच्या वर्गात बसण्यासाठी द्या, वर्ग सेनगाव, कळमनुरी, औंढा आणि वसमतला काढा, आणि शिक्षकाचा पगार व परीक्षेची फी बाडेन-वुर्टेम्बर्गकडून घ्या.

मग इथं उद्योग आणायचे नाहीत का, असं विचारलं जाईल. आणा ना. हिंगोलीजवळ लिंबाळ्याची एमआयडीसी आहे, तिच्याकडं तरुण कित्येक वर्षं डोळे लावून बसले आहेत. औंढा नागनाथजवळ लायगोची गुरुत्वीय लहरींची वेधशाळा मंजूर झाली आहे, २,६०० कोटींची, अभिमानाची गोष्ट आहे. पण पोलीस भरतीसाठी पहाटे पळणाऱ्या आणि दिवसभर अभ्यासिकेत बसणाऱ्या हजारोंना ती नोकऱ्या देणार नाही. कारखाना येईपर्यंत वयाची अट कुणासाठी थांबत नाही.

आणि पोरींचं काय, हे तर या वादात कुणी काढतच नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत परभणी जिल्ह्यात, ज्यातून आमचा हिंगोली १९९९ मध्ये वेगळा निघाला, वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी ४८ टक्क्यांचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. कोयत्याला जोडी लागते म्हणूनही लग्नं लवकर होतात, हे इथं सगळ्यांना माहीत आहे. अशा ठिकाणी नर्सिंगला गेलेल्या मुलीचा बाप दहा जणांचे टोमणे ऐकत तिची फी भरतो. पुढं परदेशात रीतसर नोकरी आहे असं त्याला कागदावर दाखवता आलं तर त्याचे पाय घट्ट होतात, आणि गल्लीतल्या आणखी दोन घरांत दहावीनंतर काय यावर बोलणं सुरू होतं. त्या मुलीनं परत येऊन गावाची सेवा करावी अशी अट मी घालणार नाही. ती कुणाच्या मुलांवर घातलेली मी पाहिलेली नाही.

पुढच्या करारात चार गोष्टी लिहून घ्या. भाषेचा आणि परीक्षेचा खर्च तिकडच्या मालकांचा, मराठवाड्यातल्या वर्गांसह. एका जाणाऱ्यामागे इथंच राहणाऱ्या एकाचं त्याच व्यवसायातलं शिक्षणही त्यांच्याच पैशातून. पोराकडून कुणी फी घेतली तर नेमणूक रद्द न होता फी घेणाऱ्यावर गुन्हा. आणि बी-१ उत्तीर्ण झालेल्याला सहा महिन्यांत कुणी बोलावलं नाही, तर त्या वर्षाची भरपाई करार करणाऱ्या दोन्ही सरकारांनी त्याच्या खात्यात भरायची. यातलं चौथं कलम लिहून घेणं सगळ्यात अवघड जाईल, कारण आजपर्यंत तो तोटा नेहमी सेनगावसारख्या तालुक्यातल्या बापानं सोसला आहे आणि त्याच्या वतीनं सही करायला टेबलाशी कुणी बसलेलं नव्हतं.